लॅपटॉपचा बोर्ड बदलला आणि ‘पाच संगणक झाले’ म्हणतंय. विकत घेतलेली गाणी आणि ॲप्स परत कशी चालू करायची?

देवगड_भजनी

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचा एक लॅपटॉप आहे, विंडोज १०, त्यावर आयट्यून्स, म्हणजे ॲपलचं गाण्यांचं सॉफ्टवेअर. खाऱ्या हवेनं मदरबोर्डवर हिरवट गंज चढला आणि बोर्ड गेला. दुरुस्तीत बोर्ड बदलून मिळाला. हार्डडिस्क तीच आहे, विंडोज नव्यानं टाकलेलं नाही, गाण्यांच्या फाइली जागच्या जागी आहेत. तरी चार ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं म्हणजे मंडळाच्या ॲपल आयडीनं हा लॅपटॉप ऑथराइज करायला, म्हणजे विकत घेतलेली गाणी त्यावर चालवायची परवानगी द्यायला गेलं की पाच संगणक आधीच ऑथराइज झालेत असा निरोप येतो. प्रत्यक्षात चालू संगणक दोनच, हा लॅपटॉप आणि अध्यक्षांच्या घरचा डेस्कटॉप. दुसरं, बरीच गाणी मुकाट वाजतात, पण काही गाण्यांवर क्लिक केलं की वेगळ्याच ईमेलचा पासवर्ड मागितला जातो. तो ईमेल मामांचा. मामा बोटीवर होते, अमेरिकेतल्या खात्यावर २००७-०८ च्या सुमारास त्यांनी ही गाणी घेतली होती. तो ईमेल आता बंद आहे, पासवर्ड कुणाला आठवत नाही. हीच गाणी अध्यक्षांच्या डेस्कटॉपवर मात्र अजून वाजतात.

तिसरं आयपॅडचं. त्यावरचं तानपुरा-तबल्याचं ॲप मस्कतला असलेल्या भावाच्या आयडीवर घेतलेलं आहे. अपडेट करायला गेलं की त्याचा पासवर्ड हवा. आणि चौथं, पेटीवाल्यांच्या नव्या अँड्रॉइड फोनवर विकत घेतलेलं ट्यूनर ॲप ‘लायसन्स व्हेरिफाय झालं नाही’ म्हणून बंद पडतं.

चतुर्थी तोंडावर आली आहे. गाणी शेवटी पेन ड्राइव्हवरून मिक्सरला लावायची आहेत. ‘एससी इन्फो’ नावाचा फोल्डर उडवला की सगळं सुटतं असं एकानं सांगितलं. उडवू का?

रत्नागिरी_हार्डवेअर

एससी इन्फोला आत्ता हात लावू नका. अध्यक्षांच्या डेस्कटॉपवर तर अजिबात नको. का ते आधी सांगतो, कारण इथे घाईत केलेलं एक काम मामांची गाणी कायमची घालवू शकतं.

ॲपलच्या जुन्या संरक्षित गाण्यात फाइल कुलूपबंद असते. कुलूप उघडण्याची किल्ली खात्याकडे असते, आणि संगणक ऑथराइज केला की त्या किल्लीची प्रत संगणकावर उतरते. ती प्रत जिथे राहते तोच एससी इन्फो फोल्डर. किल्ली त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेली असते, यंत्र कोणतं हे हार्डवेअरच्या खुणांवरून ठरतं. बोर्ड बदलला की आयट्यून्सच्या लेखी लॅपटॉप नवाच झाला. डिस्क तीच असून काही उपयोग नाही. तुमच्या लॅपटॉपवरच्या किल्ल्या म्हणूनच निकामी झाल्या आहेत आणि एका आयडीला पाचच संगणक चालतात, त्या पाचातली एक जागा जुन्या बोर्डाच्या नावावर अडकून पडली आहे. विंडोज पुन्हा टाकताना, क्वचित रॅम किंवा डिस्क बदलतानाही असंच होतं. किनारपट्टीवर बोर्ड वरचेवर जातात, त्यामुळे पाच जागा कधी संपल्या ते लक्षातही येत नाही. आयफोन-आयपॅड या पाचात मोजले जात नाहीत, फक्त मॅक आणि विंडोजचे संगणक.

अध्यक्षांच्या डेस्कटॉपवर मामांच्या खात्याची किल्ली अजून जिवंत आहे आणि बहुधा ती जगात तेवढीच उरली आहे. त्या डेस्कटॉपवर ‘डीऑथराइज’ (परवानगी काढून घेणं) दाबू नका, विंडोज टाकू नका, सर्व्हिसिंगलाही देऊ नका. आधी गाणी बाहेर काढा, मग बाकीचं.

पण त्याच्याही आधी कुठलं गाणं कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. आयट्यून्समध्ये साँग्जचा तक्ता उघडा, वरच्या शीर्षकपट्टीवर राइट क्लिक करून ‘काइंड’ हा रकाना चालू करा आणि त्यावर क्लिक करून क्रम लावा. चार प्रकार दिसू शकतील.

‘पर्चेस्ड एएसी’: शेवट एम४ए. यावर कुलूप नाही. आत खरेदीदाराचं नाव असतं, पण गाणं कुठल्याही संगणकावर आणि व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्येही वाजतं. ऑथरायझेशनची गरजच नाही.

‘प्रोटेक्टेड एएसी’: शेवट एम४पी. हे जुनं कुलूपबंद गाणं. ॲपलनं गाण्यांवरचं कुलूप २००७ पासून काढायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ते सगळ्या गाण्यांवरून गेलं. भारतात आयट्यून्स स्टोअर आलं डिसेंबर २०१२ मध्ये. म्हणजे भारतीय खात्यावर विकत घेतलेलं गाणं कुलूपबंद असण्याचं कारणच नाही. प्रोटेक्टेड दिसलं की समजा, ते परदेशी खात्यावरचं आणि २००९ च्या आधीचं. तुमच्या मामांचा हिशेब यात नेमका बसतो.

‘ॲपल म्युझिक एएसी’: याचाही शेवट एम४पी, म्हणून लोक इथेच फसतात. हे विकत घेतलेलं गाणंच नव्हे. महिन्याची वर्गणी चालू असेपर्यंत उतरवून ठेवलेली प्रत आहे ती. वर्गणी थांबली की गाणं थांबलं. ऑथराइज करून, फोल्डर उडवून, काहीही करून ते सुटणार नाही, आणि त्याची सीडीही होत नाही.

‘एमपीईजी ऑडिओ’: साधं एमपी३. याचा या प्रश्नाशी संबंध नाही.

प्रोटेक्टेड गाण्यांची वेगळी यादी हवी असेल तर फाइल → न्यू → स्मार्ट प्लेलिस्टमध्ये ‘काइंड – कंटेन्स’ घेऊन समोर इंग्रजीत प्रोटेक्टेड लिहा. आणि एखादं गाणं कुणाच्या खात्यावरचं ते बघायचं तर राइट क्लिक, मग ‘इन्फो’, त्यात ‘फाइल’ टॅब. तिथे खरेदी करणाऱ्याचं नाव आणि आयडी छापलेला असतो. ‘धिस कॉम्प्युटर इज ऑलरेडी ऑथराइज्ड’ असा निरोप येतो आणि तरी गाणं पासवर्ड मागतं, हा गोंधळ यातूनच होतो. संगणक ऑथराइज झालेला असतो मंडळाच्या आयडीला आणि गाणं असतं मामांच्या आयडीचं. एकाच संगणकावर दोन-तीन आयडी ऑथराइज करता येतात, त्याला आडकाठी नाही. पण प्रत्येकाचा पासवर्ड लागतो.

आता मंडळाच्या आयडीच्या पाच जागा. आयट्यून्सची मेन्यूपट्टी दिसत नसेल तर कंट्रोल आणि बी दाबा. अकाउंट → व्ह्यू माय अकाउंट, पासवर्ड टाका. खात्याच्या पानावर ‘कॉम्प्युटर ऑथरायझेशन्स’ अशी ओळ असते, तिच्यासमोर ‘डीऑथराइज ऑल’. ते दाबलं की पाचही जागा एकदम मोकळ्या होतात. कुठले पाच संगणक ते तिथे नावानं दिसत नाही, फक्त आकडा दिसतो, त्यामुळे एकेक वेचून काढता येत नाही. हे बटण वर्षातून एकदाच चालतं, आणि दोनपेक्षा कमी संगणक ऑथराइज असतील तर दिसतच नाही. वर्षाच्या आत ते आधीच वापरलं असेल तर ॲपल सपोर्टला फोन किंवा चॅट करून विनंती करावी लागते. बोर्ड बदलल्याचं बिल जवळ ठेवा.

‘डीऑथराइज ऑल’ फक्त ज्या आयडीनं तुम्ही आत शिरलात त्याच आयडीला लागू होतं. मंडळाच्या आयडीनं दाबलंत तर डेस्कटॉपवरची मामांची किल्ली शाबूत राहते. तरी मामांच्या गाण्यांच्या सीड्या होईपर्यंत मी तेही दाबणार नाही.

मोकळं झाल्यावर दोन्ही संगणकांवर अकाउंट → ऑथरायझेशन्स → ऑथराइज धिस कॉम्प्युटर. मॅकवर हेच म्युझिक ॲपच्या अकाउंट मेन्यूत आहे. लॅपटॉपवर ऑथराइज झालं म्हणतं आणि दुसऱ्या मिनिटाला परत विचारतं, किंवा उणे ४२११० असा आकडा दाखवतं, असं झालं तरच एससी इन्फोकडे वळा, आणि फक्त लॅपटॉपवर. आयट्यून्स बंद करा. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू → हिडन आयटम्स चालू करा. सी ड्राइव्ह → प्रोग्रामडेटा → ॲपल कॉम्प्युटर → आयट्यून्स, इथे तो फोल्डर आहे. उडवू नका, नाव बदलून ठेवा. संगणक रीस्टार्ट करा, आयट्यून्सवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा आणि परत ऑथराइज करा. नवा फोल्डर आपोआप तयार होतो.

मामांची गाणी डेस्कटॉपवरून काढण्याचा सरळ मार्ग आयट्यून्समध्येच दिलेला आहे, ऑडिओ सीडी. प्रोटेक्टेड गाण्यांची साधी प्लेलिस्ट करा, एकेका सीडीत ८० मिनिटांच्या आत बसेल एवढी, म्हणजे सर्वसाधारण गाणी असतील तर १५ ते १८. प्लेलिस्टवर राइट क्लिक, ‘बर्न प्लेलिस्ट टू डिस्क’, प्रकार ‘ऑडिओ सीडी’ घ्या. डेटा सीडी घेतलीत तर फाइली कुलपासकटच उतरतील आणि सगळे श्रम वाया. बर्निंगचा वेग कमी ठेवा. दमट हवेत पडून राहिलेल्या सीड्यांवर पूर्ण वेगात चुका येतात. संरक्षित गाणी असलेली एक प्लेलिस्ट जशीच्या तशी सातदाच बर्न होते, म्हणून डिस्क वाया घालवू नका.

सीडी झाली की त्याच डेस्कटॉपवर ती परत घालून इम्पोर्ट करा. आधीची गाणी बदलू का असं विचारलं तर नको म्हणा, मूळ एम४पी फाइली राहू द्यात. एडिट → प्रेफरन्सेस → जनरल → इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये आधी एमपी३ एन्कोडर आणि २५६ केबीपीएस निवडून ठेवा. आवाजात किंचित फरक पडतो, पण मंडपातल्या कर्ण्यावर तो कुणाला कळणार नाही.

मामांचं खातं परत मिळालं तर याहून बरा मार्ग आहे. आयफर्गॉट डॉट ॲपल डॉट कॉमवर त्यांचा जुना ईमेल टाकून बघा. खात्याला जोडलेला फोन नंबर अजून चालू असेल तर काम होऊ शकतं. आत शिरता आलं तर अकाउंट → पर्चेस्डमध्ये जुन्या खरेद्या दिसतात, आणि ते गाणं अमेरिकेच्या स्टोअरमध्ये अजून असेल तर परत उतरवल्यावर अनेकदा ते कुलूप नसलेलं, २५६ केबीपीएसचं एम४ए म्हणून येतं. उतरवण्याआधी जुनी एम४पी फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवा, नाहीतर ‘आधीच आहे’ म्हणून डाउनलोडचं बटणच मिळत नाही.

वेंगुर्ला_आयपॅड

गाण्यांचं वर आलंच आहे, मी फक्त आयपॅडबद्दल बोलतो. कोकणात हा प्रश्न घरोघरी आहे. फोन किंवा आयपॅड आखातातून येतो, तिथल्याच आयडीवर ॲप्स भरलेली असतात, आणि वर्षभरानं एकेक ॲप पासवर्ड मागायला लागतं.

प्रत्येक ॲप ज्या आयडीनं उतरवलं त्या आयडीचा शिक्का घेऊन येतं. आयपॅडवर आता तुमचा आयडी असला तरी त्या ॲपचं अपडेट भावाच्याच खात्यातून येणार. जुन्या फोनच्या बॅकअपवरून नवा फोन भरला तरी शिक्का सोबत येतो.

फुकट ॲप्ससाठी उपाय सोपा. ॲप काढा, तुमच्या आयडीनं परत उतरवा. काढताना आतली माहिती जाते हे ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲप असेल तर आधी चॅट बॅकअप घ्या, तारीख तपासा, मगच काढा. ‘ऑफलोड’ इथे कामाचं नाही, त्यात ॲप परत येताना जुन्याच खात्यातून येतं.

विकत घेतलेल्या तानपुऱ्याच्या ॲपला चार वाटा आहेत असं वाटतं, पण दोन बंद आहेत. फॅमिली शेअरिंगमध्ये सगळ्यांचं खातं एकाच देशाच्या स्टोअरचं लागतं. भाऊ ओमानच्या स्टोअरवर, तुम्ही भारताच्या, ते जुळणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलनं एका खात्याच्या खरेद्या दुसऱ्या खात्यात हलवायची सोय दिली, पण ती एकाच माणसाच्या दोन खात्यांसाठी आहे आणि भारतात दिलेलीच नाही. कुणी ‘मायग्रेट करा’ म्हणून सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका.

उरतात दोन. परत विकत घ्या, किंवा भावाच्या खात्यावरच ठेवा. ठेवायचं तर पूर्ण आयपॅड भावाच्या आयडीवर टाकू नका, नाहीतर त्याचे फोटो, काँटॅक्ट्स तुमच्याकडे आणि तुमचे त्याच्याकडे. सेटिंग्ज उघडा, वर नावावर टॅप करा, ‘मीडिया अँड पर्चेसेस’ → साइन आउट, आणि फक्त तिथे भावाचा आयडी घाला. आयक्लाउड तुमचंच राहतं.

पासवर्ड टाकला की सहा आकडी कोड भावाच्या फोनवर जाईल. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे तो कामावर नसेल अशी वेळ ठरवून फोनवर बोलत असतानाच करा. त्याच्याकडे रेंज नसेल तरी अडत नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’मध्ये गेलं की ‘गेट व्हेरिफिकेशन कोड’ मिळतं, आणि तो कोड फोन ऑफलाइन असतानाही निघतो. तोंडी सांगायला सांगा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावू नका.

आज भावाचा आयडी, उद्या तुमचा, परवा परत त्याचा, अशी अदलाबदल मात्र करू नका. जुन्या खरेद्या उतरवल्या किंवा ऑटोमॅटिक डाउनलोड चालू केले की आयपॅड त्या आयडीशी जोडला जातो आणि मग ९० दिवस दुसऱ्या आयडीशी जोडता येत नाही. चतुर्थीच्या आठवड्यात ही पाटी समोर आली तर कुणीच काही करू शकत नाही, दिवस भरेपर्यंत थांबावं लागतं.

‘व्हेरिफिकेशन रिक्वायर्ड’ असं आलं तर तो पासवर्डाचा नाही, पैशांचा प्रश्न असतो. खात्यावर एखादी रक्कम थकलेली असली की फुकट ॲपचं अपडेटही अडतं. भावाचं खातं ओमानचं, म्हणून पेमेंटही तिकडचंच चालणार. तुमचं यूपीआय तिथे दिसणारच नाही. त्यालाच चुकतं करायला सांगा.

आणि भावाच्या खात्याचा देश बदलून भारत करू या, असा विचार कुणाच्या मनात आला तर थांबा. देश बदलायच्या आधी शिल्लक रक्कम शून्य करावी लागते, वर्गण्या बंद करून त्यांची मुदत संपू द्यावी लागते, आणि जुन्या देशातल्या काही खरेद्या नव्या देशातून परत उतरवता येत नाहीत.

एक शेवटचं. आयपॅड जुना असेल आणि ॲप ‘डेव्हलपरनं अपडेट करायला हवं’ असं काही सांगत असेल तर ते ऑथरायझेशन नव्हे. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून ३२ बिटची ॲप्स चालतच नाहीत. पैसे भरलेले असोत वा नसोत, त्याला औषध नाही.

चिपळूण_प्लेस्टोअर

पेटीवाल्यांच्या फोनचं मी सांगतो. नव्या फोनवर दोन गूगल खाती असणार, एक त्यांचं जुनं आणि एक फोन घेताना दुकानात उघडून दिलेलं. ट्यूनर विकत घेतलं एका खात्यावर, उतरवलं दुसऱ्यावर, किंवा जुन्या फोनवरून फाइल पाठवून टाकलं. ॲप उघडताना प्ले स्टोअरला विचारतं, ‘या खात्यानं पैसे भरलेत का?’ उत्तर नाही असं मिळतं आणि ते बंद होतं.

खरेदी कोणत्या खात्यावर हे आधी शोधा. दोन्ही जीमेलमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत जीपीए असं शोधा. गूगल प्लेच्या पावतीवरचा ऑर्डर नंबर त्याच अक्षरांनी सुरू होतो. ज्या जीमेलमध्ये पावती सापडली ते खरं खातं. मग ॲप काढा, प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे फोटोवर टॅप करून ते खातं निवडा आणि तिथून परत उतरवा. ‘इन्स्टॉल’ऐवजी किंमत दिसत असेल तर खातं चुकीचं आहे, पैसे परत भरू नका.

खातं बरोबर असूनही अडलं तर सेटिंग्ज → ॲप्स → गूगल प्ले स्टोअर → स्टोरेजमध्ये कॅशे आणि मग डेटा पुसा. गूगल प्ले सर्व्हिसेसचं मात्र फक्त कॅशे पुसा, सगळा डेटा नको; वॉलेटमधली कार्डं वगैरे परत लावत बसावं लागतं. फोन रीस्टार्ट करा, इंटरनेट चालू ठेवून ॲप एकदा उघडा. मंडपात पोचल्यावर पहिल्यांदा उघडलंत आणि तिथे रेंज नसली तर लायसन्सची तपासणी होणार नाही, म्हणून घरीच उघडून ठेवा.

ॲप फार जुनं असेल तर वेगळंच कारण निघू शकतं. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या आवृत्तीला धरून बनवलेली ॲप्स अँड्रॉइड १४ आणि पुढच्या फोनवर बसतच नाहीत. गूगलमध्ये एका खात्याची खरेदी दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही, त्यामुळे मंडळासाठी घ्यायचं ते मंडळाच्या खात्यावरच घ्या.

कुणी गूगल प्ले म्युझिकवर गाणी घेतली असतील तर ती शोधू नका. ती सेवा २०२० मध्ये बंद झाली आणि २४ फेब्रुवारी २०२१ पासून तिथला साठा पुसला गेला. त्याआधी यूट्यूब म्युझिककडे हलवली असतील किंवा संगणकावर उतरवली असतील तेवढीच उरली.

देवगड_भजनी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘काइंड’ लावून बघितलं. प्रोटेक्टेड ४१ गाणी निघाली, सगळी मामांच्या आयडीची. बाकी पर्चेस्ड आणि एमपी३. ॲपल म्युझिकचं एकही नाही. डेस्कटॉपवर तीन सीड्या झाल्या, इम्पोर्टही झालं. ट्यूनरची पावती जुन्या जीमेलमध्ये सापडली, ते चालू झालं. आयपॅडचं भावाशी बोलून करतोय.

लॅपटॉपवर मात्र नवीनच अडलं. डीऑथराइज ऑलचं पान उघडतच नाही, ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही’ असा काहीसा निरोप येतो. त्याच वायफायवर फोन व्यवस्थित चालतो.

रत्नागिरी_हार्डवेअर

खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्ड बदलला की घड्याळही बदललं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला असेल तर लॅपटॉप बंद ठेवून चार्जर काढला की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाची तारीख त्याच्या बाहेर गेली की प्रमाणपत्र खोटं ठरतं आणि जोडणी नाकारली जाते. सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → डेट अँड टाइममध्ये टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक ५:३० ठेवा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदलून घ्या. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तो वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो, नुसता गोल सेल आणून भागत नाही, आधी उघडून बघायला सांगा.

तारीख बरोबर असेल तर आयट्यून्सची आवृत्ती बघा, हेल्प मेन्यूत मिळेल. जुनी असेल तर नवी टाका. आणि गावात कुणाकडे एक्सपीवालं यंत्र असेल तर ते या कामाला घेऊ नका. मे २०१८ पासून एक्सपी आणि व्हिस्टावरून आयट्यून्स स्टोअर उघडत नाही. उतरवलेली गाणी तेवढी वाजतात.

देवगड_भजनी

तारीखच होती! २०१९ दाखवत होतं. सिंक केल्यावर पान उघडलं, डीऑथराइज ऑल झालं, मग लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्ही परत ऑथराइज केले. सेल बदलायला सांगितलाय.

पेन ड्राइव्हवर टाकलेली पर्चेस्ड गाणी मिक्सर दाखवत नाही, एमपी३ मात्र वाजवतो. हेही कुलूपच का?

वेंगुर्ला_आयपॅड

नाही, कुलूप नाही. यूएसबी घेणारे बरेचसे मिक्सर आणि गाडीतले प्लेअर एम४ए वाचतच नाहीत. इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये एमपी३ एन्कोडर आधीच निवडलेला आहे, तेव्हा ती गाणी निवडून फाइल → कन्व्हर्ट → क्रिएट एमपी३ व्हर्जन करा. मूळ गाणं राहतं, शेजारी एमपी३ तयार होतं. एमपी३ची प्लेलिस्ट थेट एक्सप्लोररमधल्या पेन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ओढा, फाइली कॉपी होतात.

पेन ड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचाच घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठा घेतलात तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एफएटी३२ मिळत नाही, आणि एक्सएफएटी किंवा एनटीएफएस अनेक मिक्सर ओळखत नाहीत. गाण्यांची नावं ०१, ०२ अशा आकड्यांनी सुरू करा आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी नावांच्या जागी बारक्या पडद्यावर चौकोन दिसतात आणि आरतीच्या वेळी नेमकं गाणं हाताला लागत नाही.

रत्नागिरी_हार्डवेअर

मंडळाच्या ॲपल आयडीत एकच मोबाइल नंबर असेल तर खजिनदारांचाही घाला, ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’मध्ये विश्वासातला नंबर जास्तीचा घेता येतो. सिम बरेच दिवस बंद राहिलं की नंबर हातचा जातो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो, मामांच्या ईमेलसारखीच अवस्था होते. आणि पुढच्या वेळी लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी, चालू असेल तर, अकाउंट → ऑथरायझेशन्स → डीऑथराइज धिस कॉम्प्युटर करून मगच द्या. त्या मामांच्या तीन सीड्यांवर मार्करनं नावं लिहून सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवा, ओल्या भिंतीच्या कपाटात नको.